शून्याचा हट्ट

भाची ओहायोत शिकते. फेब्रुवारीत तिकडच्या शाळांतून कृष्णवर्णीयांच्या इतिहासावर कार्यक्रम होतात, त्यात तिला एक छोटंसं भाषण करायचं होतं. विषय तिनेच निवडला होता: दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेकडून लढलेले टस्कीगीचे कृष्णवर्णीय वैमानिक आणि त्यांचे कमांडर बेंजामिन डेव्हिस. जुन्या लढाऊ विमानांचं माझं वेड घरात सगळ्यांना माहीत, त्यामुळे भाषणाची तालीम व्हिडिओ कॉलवर माझ्यासमोर झाली. हातवारे छान, आवाज खणखणीत. शेवटचं वाक्य असं होतं, की त्यांनी ज्या बॉम्बर विमानांना संरक्षण दिलं त्यांतलं एकही शत्रूला कधी पाडता आलं नाही. मी म्हटलं, "बाळा, हे तेवढं खरं नाही गं. सत्तावीस पडली होती. इतरांच्या मानाने खूपच कमी, पण पडली." स्क्रीनवर ती गोठल्यासारखी झाली, मला वाटलं नेटवर्क गेलं. मग म्हणाली, "मावशी, पण मग लोक क्लॅप कुठे करणार?"

प्रश्न बिनतोड होता. म्हणूनच तो डोक्यातून जाईना.

खरं तर सत्तावीस हा आकडाच टाळ्या वाजवण्यासारखा आहे. इटलीतून उडणाऱ्या अमेरिकेच्या पंधराव्या वायुसेनेत बॉम्बर विमानांना सोबत करणारे सात फायटर ग्रुप, म्हणजे लढाऊ विमानांचे गट, होते. डेव्हिस यांचा ३३२ वा ग्रुप सोडला तर बाकीच्या सहांनी सरासरी ४६ बॉम्बर गमावली. या पोरांनी १७९ वेळा सोबत केली, आणि त्यांतल्या मोजक्या सात मोहिमांत मिळून ती २७ विमानं गेली. पण मार्च १९४५ मध्ये 'शिकागो डिफेंडर' या कृष्णवर्णीयांच्या वर्तमानपत्राने एकही विमान गमावलं नसल्याची बातमी छापली आणि ती साठ वर्षं चालत राहिली. २००६ च्या सुमारास हवाई दलाच्याच एका इतिहासकाराने, डॅनिएल हॉलमन यांनी, जुने अहवाल एकमेकांशी ताडून खरा आकडा काढला, तेव्हा काही जुन्या वैमानिकांना ते फार लागलं. गंमत म्हणजे सत्य लपलेलं कधी नव्हतंच. ९ जून १९४४ ला म्युनिकच्या मोहिमेचं नेतृत्व केल्याबद्दल डेव्हिस यांना डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस मिळाला. त्या पदकाच्या मानपत्रातच लिहिलंय, की शत्रूची इतकी विमानं असूनही बॉम्बरचं थोडकंच नुकसान झालं. थोडकं. शून्य नव्हे. एवढं स्पष्ट लिहिलेलं असताना साठ वर्षं कुणाला शून्य हवं होतं, आणि का?

मला वाटतं, हा हट्ट विमानं उडायच्या कितीतरी आधी सुरू झाला होता.

जुलै १९३२. वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीत बेंजामिन नुकताच दाखल झाला होता. वय एकोणीस, अंगकाठी उंच, शेलाटी. त्या काळी अमेरिकी काँग्रेसमध्ये एकच कृष्णवर्णीय सदस्य होता, शिकागोचा ऑस्कर डी प्रीस्ट. त्याच्या शिफारशीवर हा प्रवेश झाला होता. एका संध्याकाळी दारावर टकटक झाली. दहा मिनिटांत खाली तळघरात बैठक आहे, म्हणून निरोप आला. नवा कॅडेट, उशीर होऊ नये म्हणून हा लगबगीने निघाला. जवळ पोचला तर आतून आवाज आला, 'त्या काळ्याचं काय करायचं?' मुळात वापरलेला शब्द याहून घाणेरडा होता. बैठक आपल्याविषयीच आहे हे त्याच्या ध्यानात आलं. तो मागे वळला आणि आपल्या खोलीत गेला. दोघांची खोली, पण त्यात तो एकटाच. त्या बैठकीत जे ठरलं ते पुढची चार वर्षं पाळलं गेलं: कामापुरतं सोडून कुणीही त्याच्याशी बोलायचं नाही. जेवणाच्या टेबलावर बसायला परवानगी मागायची आणि नकार ऐकायचा. सामन्याला जाताना बसमध्ये शेजारची जागा रिकामी. चार हिवाळे त्या हडसन नदीकाठच्या दगडी इमारतींत, आणि गप्पा मारायला भिंतीशिवाय कुणी नाही.

आपल्याकडे हे समजावून सांगायला लागत नाही. कोकणात आमच्या आजोळी एक घर वाळीत होतं. कारण काय ते आम्हा मुलांना कधी नीट कळलं नाही. जमिनीचं होतं म्हणत. शिमग्यात पालखी घरोघर यायची, अंगण सारवलेलं असायचं, ढोल दणाणत यायचे, आणि त्या घरापाशी आल्यावर वादन तसंच चालू ठेवून सगळे पुढे निघून जायचे. कुणी शिवी द्यायचं नाही, दगड मारायचं नाही. त्या घरातली म्हातारी पडवीच्या खांबाला टेकून उभी असायची, हातात ओटीचं सामान घेऊन, दरवर्षी. मी बघायला लागले की आजी माझी मान अलगद दुसरीकडे वळवायची. माझ्या मानेला तिचा तो खरखरीत हात अजून जाणवतो. तिनं मला वाईट वागायला कधीच शिकवलं नाही, फक्त कुठे बघायचं नाही ते शिकवलं. महाराष्ट्राने सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा केला तो २०१६ साली. तोवर ती म्हातारी जाऊन बरीच वर्षं झाली होती.

तर, बेंजामिन. १९३६ साली तो २७६ जणांत पस्तिसावा येऊन पदवीधर झाला. त्या शतकात तिथून बाहेर पडलेला पहिला कृष्णवर्णीय. त्याच्या वर्गातले दोघे, वेस्टमोरलँड आणि एब्रॅम्स, पुढे व्हिएतनाम युद्धात एकामागून एक सरसेनापती झाले. वर्षअखेरीच्या स्मरणिकेत प्रत्येक कॅडेटविषयी चार ओळी असतात, तशा त्याच्याविषयीही आहेत. त्याच्या धैर्याने, चिकाटीने आणि बुद्धीने त्याने वर्गमित्रांची मनापासून प्रशंसा मिळवली, अशा अर्थाच्या त्या ओळी. पहिल्यांदा वाचल्या तेव्हा मला भरून आलं होतं. आता वाचताना संताप येतो. ज्यांनी चार वर्षं तोंड उघडलं नाही त्यांनी ही प्रशंसा केव्हा केली? आणि समजा तो पस्तिसावा न येता दोनशे पस्तिसावा आला असता, किंवा दुसऱ्या हिवाळ्यात कंटाळून घरी गेला असता, तर तो अबोला योग्य ठरला असता का? त्या चार ओळींत कुठेतरी असं गृहीत आहे, की छळ ही एक परीक्षा होती आणि मुलगा पास झाला, सबब परीक्षा चांगली.

हे सोसण्याचं बळ घरातून आलं असावं. वडीलही बेंजामिनच, लष्करात अधिकारी. गोऱ्या शिपायांवर कृष्णवर्णीय अधिकारी नेमायची वेळ येऊ नये म्हणून लष्कर त्यांना फिरून फिरून कृष्णवर्णीयांच्या कॉलेजांत शिकवायला पाठवायचं. अलाबामातल्या टस्कीगीला असताना, १९२३ साली, कू क्लक्स क्लॅन या गोऱ्या वर्चस्ववाद्यांच्या संघटनेने वस्तीतून मिरवणूक काढली. तिथल्या कृष्णवर्णीय सैनिकांच्या रुग्णालयात कृष्णवर्णीय डॉक्टर नेमण्यावरून त्यांचा राग होता. आजूबाजूच्यांनी दिवे मालवले, दारं लावून घेतली. थोरल्या डेव्हिस यांनी पांढरा स्वच्छ गणवेश चढवला, घरच्यांना पडवीत आणून बसवलं आणि पडवीतला दिवा चालू ठेवला. बुरखेवाले मशाली घेऊन समोरून गेले. दहा वर्षांचा मुलगा शेजारी बसून हे बघत होता. एकही शब्द नाही, हाणामारी नाही, फक्त इस्त्रीचा गणवेश आणि ताठ पाठ. पुढे त्या मुलाने सत्तेचाळीस वर्षं वेगळं काय केलं?

त्यानंतर तीनेक वर्षांनी वडिलांनी पैसे भरून त्याला वॉशिंग्टनजवळ एका विमानातून फेरी मारून आणली, आणि मग त्याला दुसरं काही नको झालं. पण वेस्ट पॉइंटमधून हवाई दलासाठी अर्ज केला तेव्हा उत्तर आलं की कृष्णवर्णीयांचं पथकच नाही, सबब वैमानिकही नको. पायदळात नेमणूक झाली, जॉर्जियातल्या फोर्ट बेनिंगला. नुकतंच लग्न झालेलं. पत्नी अगाथा बरोबर. तिथल्या ऑफिसर्स क्लबचं सदस्यत्व मागितलं, नाकारलं गेलं. शेजारच्या बंगल्यांतल्या बायका अगाथाशी बोलत नसत. नवऱ्याच्या अबोल्याच्या कहाण्या सगळे सांगतात, बायकोने तो किती वर्षं झेलला त्याबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही. पुढे डेव्हिस यांचीही बदली झाली ती वडिलांसारखीच, टस्कीगीच्या कॉलेजात शिकवायला. निवडणुकीचं वर्ष आणि कृष्णवर्णीय संघटनांचा दबाव यांनी १९४० नंतर चक्रं फिरली. टस्कीगीला वैमानिकांचं प्रशिक्षण सुरू झालं. पहिल्या तुकडीतल्या तेरांपैकी पाच जणांना मार्च १९४२ मध्ये बिल्ले मिळाले, त्यांत डेव्हिस होते. बाकी चौघांना बिल्ल्याबरोबर एक वरिष्ठही मिळाला.

कृष्णवर्णीय वैमानिकांची ९९ वी स्क्वाड्रन घेऊन ते १९४३ मध्ये उत्तर आफ्रिकेत गेले. तोवर कृष्णवर्णीय माणूस युद्धात विमान चालवू शकतो का हाच प्रश्न होता, त्यामुळे युद्ध अनुभवलेला एकही ज्येष्ठ वैमानिक त्यांच्यात नव्हता. इतर पथकांत नवख्याला शेजारी जुना माणूस मिळतो. तरी सप्टेंबरात अहवाल गेला, लिहिणारे, हे पथक ज्या फायटर ग्रुपला जोडलं होतं त्याचे गोरे कमांडर विल्यम मोमायर: पथक आक्रमक नाही, त्यांना मागे किनाऱ्याच्या पहाऱ्यावर ठेवावं. वरच्या एका जनरलने भर घातली, की या वंशाच्या माणसांत अव्वल लढाऊ वैमानिकाला लागणारी चपळ प्रतिक्रियाच नाही. 'टाइम' साप्ताहिकाने याची कुणकुण छापली. डेव्हिस तेव्हा नव्या ३३२ व्या ग्रुपची सूत्रं घ्यायला मायदेशी आलेले होते. ते पत्रकारांना सामोरे गेले, युद्ध खात्याच्या समितीपुढे उभे राहिले. आवाज चढवला नाही. माणसं किती, उड्डाणं किती, सुरुवातीला काय चुकलं, मग काय सुधारलं, एवढंच. अगाथा मात्र गप्प बसल्या नाहीत. त्यांनी 'टाइम'ला पत्र लिहून खडसावलं. मला या जोडीचं हे फार आवडतं. एकाने समितीपुढे तोललेले शब्द ठेवायचे आणि दुसऱ्याने त्या शब्दांमागचा राग टपालाने पाठवायचा.

पथक टिकलं. जानेवारी १९४४ मध्ये इटलीतल्या आन्झिओच्या किनाऱ्यावर त्याच ९९ व्या स्क्वाड्रनने दोन दिवसांत बारा जर्मन विमानं पाडली. मग प्रतिक्रियांबद्दल कुणी बोलेना.

पण डेव्हिस यांनी त्या अहवालातून काय धडा घेतला ते महत्त्वाचं. यापुढे बोट ठेवायला जागाच द्यायची नाही. इटलीत एड्रिआटिक किनाऱ्यावर रामितेल्ली म्हणून गाव आहे. शेतात लोखंडी जाळीच्या पट्ट्या अंथरून केलेली धावपट्टी, तंबू, पावसात घोट्यापर्यंत चिखल. विमानांच्या शेपट्या भडक लाल रंगवलेल्या, दुरून ओळखू याव्यात म्हणून. तिथे कमांडरचा हुकूम एकच: बॉम्बरना सोडून जायचं नाही. खाली जर्मन विमान दिसलं, सहज टिपता येईल असं दिसलं, तरी त्याच्या मागे लागायचं नाही. पाठलाग करून नाव कमावायला गेलास तर परत आल्यावर माझ्याशी गाठ आहे. विशी-बाविशीतल्या मुलांना हे किती जड गेलं असेल! पाच विमानं पाडली की वैमानिक 'एस' होतो, वर्तमानपत्रात फोटो येतो. या मंडळींनी मिळून हवेत ११२ विमानं पाडली, तिघांच्या नावावर चार-चार आहेत, आणि पाच एकाच्याही नावावर नाहीत. युद्धात त्यांचे ६६ वैमानिक मारले गेले. डेव्हिस यांच्याबद्दल माणसं आदराने बोलत, धाकाने बोलत. प्रेमाने बोलल्याचं फारसं वाचनात येत नाही. ते मोकळेपणाने हसत नसत म्हणे. चार वर्षं ज्याच्याशी कुणी बोललं नाही, त्याला कॅन्टीनमध्ये पाठीवर थाप मारायची कला कुठून येणार?

नकाशात रामितेल्ली शोधताना मला एक वेगळीच गोष्ट सापडली. तिथून वर किनाऱ्याकिनाऱ्याने गेलं की सांग्रो नदीकाठी युद्धस्मशानभूमी आहे आणि तिथे हिंदुस्थानी जवानांचं स्मारक आहे. त्याच उन्हाळ्यात, १० जुलै १९४४ ला, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात मराठा लाइट इन्फंट्रीचे नाईक यशवंत घाडगे मशीनगनच्या ठाण्यावर एकटे चालून गेले. तुकडीतले बाकी सगळे पडले होते. ठाणं घेतलं आणि तिथेच गोळी लागून गेले. मागाहून व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. माणगावला त्यांचा पुतळा आहे, मुंबई-गोवा रस्त्याने जाताना गाडी हळू होते तिथे. म्हणजे जमिनीवर रायगडचा एक मुलगा आणि वर आकाशात कुठेतरी लाल शेपटीचं विमान. दोघंही अशा सरकारसाठी लढत होते, ज्याने त्यांना बरोबरीचं मानलेलं नव्हतं. त्यांना एकमेकांचा पत्ताही नव्हता, आणि यातून काही मोठं निघतं असं मला म्हणायचं नाही. पण तेव्हापासून माणगावच्या कोंडीत मी हॉर्नवर चिडत नाही.

आता ती गोष्ट, जी मला डेव्हिस यांच्याविषयी निखळ आदराने बोलू देत नाही. एप्रिल १९४५, इंडियाना राज्यातला फ्रीमन फील्ड हा हवाई तळ. ४७७ वा बॉम्बर ग्रुप, वैमानिक कृष्णवर्णीय, वरचे अधिकारी गोरे. दोन क्लब: एक 'पर्यवेक्षकां'चा, एक 'प्रशिक्षणार्थीं'चा. कागदावर रंगाचा उल्लेख कुठेच नाही, आणि प्रशिक्षणार्थींच्या क्लबात गोरा एकही नाही. काही कृष्णवर्णीय अधिकारी ठरवून तीन-चारच्या गटांनी दुसऱ्या क्लबात शिरले, अटक झाली की पुढचा गट. मग तळप्रमुखाने नियमावली काढली आणि वाचून समजल्याची सही मागितली. १०१ जणांनी सही नाकारली. युद्धकाळात थेट हुकूम मोडल्याला देहदंडापर्यंत शिक्षा होऊ शकते, हे त्यांना ऐकवलं गेलं होतं. तरी नाकारली. त्यांच्यात कोलमन यंग होते, जे पुढे वीस वर्षं डेट्रॉइटचे महापौर राहिले. शेवटी लष्कराने माघार घेतली, १०१ जणांच्या सेवापुस्तिकेत ताशेरे मारून सोडलं. तिघांवर खटला चालला. रॉजर टेरी यांना वरिष्ठाला धक्का दिल्याबद्दल दीडशे डॉलर दंड झाला. गोऱ्या कमांडरला हलवून त्या जागी जूनमध्ये कुणाला आणलं? डेव्हिस यांना. सही न करणाऱ्यांनी मोकळी केलेली खुर्ची, आणि तिच्यावर बसायला असा माणूस ज्याच्या कागदावर एकही डाग नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. डाग नसलेला माणूस तयार नसता तर लष्कराने त्या खुर्चीवर दुसरा गोराच आणला असता. आणि सही नाकारणारे नसते तर ती खुर्ची रिकामीच झाली नसती. यंग यांची बाजू घ्यायला माझं मन धावतं, मग मला फोर्ट बेनिंगचं ते नाकारलेलं सदस्यत्व आठवतं. तेव्हा डेव्हिस एकटे होते. शंभर जणांनी मिळून सही नाकारता येते. एकट्याने नाकारली असती तर दुसऱ्या दिवशी घरी, आणि पुढच्या दहा वर्षांत वेस्ट पॉइंटचं दार कुठल्या काळ्या मुलाला उघडलं असतं कोण जाणे.

युद्धानंतर ओहायोतल्या लॉकबोर्न तळावर त्यांनी सगळा कारभार चालवून दाखवला. तळावर गोरे नागरी कर्मचारी कृष्णवर्णीय अधिकाऱ्यांच्या हाताखाली काम करत, आणि आभाळ कोसळलं नाही. १९४८ साली राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांचा सैन्यातल्या समानतेचा आदेश निघाला. १९४९ च्या मे महिन्यात लास व्हेगासला हवाई दलाची नेमबाजी स्पर्धा झाली, तीत ३३२ व्या ग्रुपने जुनी पंख्याची विमानं घेऊन आपल्या वर्गात पहिला नंबर काढला. काही आठवड्यांत तो ग्रुप विसर्जित झाला, माणसं देशभरच्या मिश्र पथकांत वाटली गेली. यश म्हणायचं ते हेच होतं. हवाई दलाच्या वार्षिक नोंदींत मात्र त्या सालच्या विजेत्याच्या जागी कित्येक वर्षं 'अज्ञात' छापलं जायचं आणि चषक संग्रहालयाच्या गोदामात पडून होता. निर्दोष कामगिरीचंही असं होऊ शकतं.

कोरियात १९५३ साली डेव्हिस यांना ५१ वी फायटर विंग मिळाली. वैमानिक बहुतेक गोरे. पुढच्या वर्षी हवाई दलातले पहिले कृष्णवर्णीय जनरल. १९७० साली तीन तारे लावून निवृत्त. चौथा तारा क्लिंटन यांनी लावला तो १९९८ मध्ये, तेव्हा ते पंच्याऐंशी वर्षांचे होते. ४७७ व्या ग्रुपमध्येच उमेदवारी केलेल्या चॅपी जेम्स यांना चार तारे मिळून तोवर तेवीस वर्षं झाली होती. जेम्स मोठ्याने हसणारे, गप्पिष्ट, देहाने आडदांड गृहस्थ. आणि रॉजर टेरी? हवाई दलाने १९९५ साली त्यांची शिक्षा रद्द केली आणि दीडशे डॉलर परत दिले. ज्यांनी अर्ज केला त्यांच्या सेवापुस्तिकेतले ताशेरेही काढले. असे अर्ज करणारे पंधरा निघाले. बाकीच्यांपैकी काही तोवर गेले होते, आणि काहींनी तो ताशेरा तसाच राहू द्यावा असं ठरवलं असेल तर मला अजिबात आश्चर्य वाटणार नाही.